खट आवाज येईपर्यंत

एका घरात एक खोली होती आणि त्या खोलीवर दोघींचा डोळा होता. खोली काही फार मोठी नव्हती. एक लांबरुंद टेबल, एक पलंग, भिंतीतलं कपाट. पण उत्तरेला खिडकी होती आणि तिच्यातून दिवसभर असा उजेड यायचा की त्याला ऊन म्हणवत नसे आणि सावलीही म्हणवत नसे. शिवाय मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्याची कडी गंजून बसली होती आणि कित्येक वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. खिडकी नणंदेच्या जिवाची होती. दार भावजयीच्या.

नणंद त्या खोलीत राहत होती आणि भावजयीला ती खोली हवी होती, एवढी सरळ गोष्ट. दोघी एकमेकींशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. सरळ बोलायची वेळ तर त्याहूनही कमी आली.

नणंद नकाशाघरात कामाला होती. जुने, फाटलेले, कसर लागलेले नकाशे तिच्या टेबलावर यायचे आणि धड होऊन जायचे. पातळ कागदाची पट्टी, चमचाभर खळ, मऊ केसांचा ब्रश आणि तिचा हात. हात असा हलका की तो लागल्याचं कागदालाही कळत नसे, असं तिचे साहेब म्हणायचे. कागद फाटायच्या आधी किंचित कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकू यायच्या आत हात काढून घ्यायचा, हे ती इतकी वर्षं करत आली होती की घरातही ती दार लावायची ते आवाज न होता, आणि भांडं ठेवायची ते जणू भांडं झोपलेलं आहे.

भावजय बेकरीत पीठ मळायची. बेकरीत मळायचं यंत्र होतं, पण मालकाचा त्याच्यावर अर्धाच विश्वास. शेवटचा हात माणसाचाच पाहिजे म्हणायचा. भावजयीचे खांदे रुंद होते, मनगटं भरलेली, आणि ती चालायला लागली की कपाटातल्या बश्या तिला ओळखायच्या. तिला स्वतःचे पाव भाजून मागच्या दाराने विकायचे होते. हे तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं. भिंती पातळ होत्या. नणंदेने ऐकलं होतं.

नवरा, म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात कुणी गप्प झालं की तो म्हणायचा, "झालं. अडकली दोन मजल्यांच्या मध्ये."

अशात नकाशाघर दुसऱ्या शहरात हलणार असल्याचं कळलं. साहेबांनी सगळ्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. यापुढे नकाशांचे फोटो काढायचे, डाग आणि फाटलेल्या जागा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच दुरुस्त करायच्या. ज्यांना यायचं त्यांनी यावं, तिथे राहायला खोली मिळेल. ज्यांना घरून करायचं त्यांच्याकडे तेवढं दमदार मशीन पाहिजे. नकाशामागे पैसे मिळतील. त्यासाठी एक नमुन्याचा नकाशा शनिवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवायचा. जमला तर ठीक, नाहीतर सामान बांधा.

"तिथल्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?" नणंदेने विचारलं.

साहेब म्हणाले, "खिडकी आहे की नाही हेच मला माहीत नाही."

तयार मशीनची किंमत विचारून ती दोन दुकानांतून परत आली. तिसरं दुकान जुन्या बाजाराच्या टोकाला होतं. मालकाचा चष्मा कायम डोक्यावर, आणि तोच तो दिवसभर शोधत असायचा. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचे. गळ्यापर्यंत वायरींच्या ढिगात उभा राहून त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"तयार घ्याल तर डब्याला पैसे द्याल," तो म्हणाला. "सुटं घेऊन जोडाल तर कामाला द्याल. काय काम? खेळ?"

"नकाशे."

"केवढे?"

तिने दुकानाच्या भिंतीकडे बोट केलं. "तेवढे. कधी कधी दाराच्या पलीकडेही जातात."

"मग रॅमवर सोडा पैसे. बाकी ठिकाणी हात आखडा. प्रोसेसर मागच्या पिढीतला चालेल, पण पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्यातच असलेला घ्या, म्हणजे वेगळं कार्ड नको. मदरबोर्ड वापरलेला देतो, माझ्या हातातला आहे. पॉवर सप्लाय मात्र कोरा करकरीत. सायकल जुनी चालते हो, ब्रेक जुना चालत नाही. माझा चष्मा बघितलात का?"

"डोक्यावर आहे."

"बघा, किती बारीक नजर! तुम्हाला जमेल जोडायला."

पडदा, म्हणजे मॉनिटर, तिला नकाशाघराच्या अडगळीत मिळाला. रंग खरे दाखवायचा, फक्त एका कोपऱ्यात ओरखडा होता. सगळं बसवायचं कॅबिनेट राहिलं. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला एवढे पैसे? तिने जेवताना भावाला विचारलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलं तर चालेल का.

भाऊ म्हणाला, "चालेल की. आग लागली तर निदान शेकता येईल."

भावजयीने पातेल्याच्या तळाशी राहिलेलं सगळ्यांना वाढलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बेकरीतून आली ती कडेवर एक कॅबिनेट घेऊन. पोर घ्यावं तसं.

"वन्सं, हे घ्या. बिलाच्या मशीनचं खोकं. आतलं काढून घेतलंय, मालक भंगारात घालत होता."

नणंदेने हात पुढे केले, आणि खोकं हातात आल्यावर तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की का? भावजयीने दिलेलं नणंदेने आधी हुंगून बघावं, असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्या नणंदांना ते पाठ असतं. तिने हुंगलं. पिठाचा वास आला.

झाकण काढलं तर आत पीठच पीठ. कोपऱ्यांत, खाचांत, पंख्याच्या जाळीवर, वर्षानुवर्षं बसत गेलेलं. कुठे भुरभुरीत, कुठे दमट हवेने घट्ट होऊन चुन्यासारखं. तिने टेबलावर कापड अंथरलं, आपले ब्रश काढले आणि कामाला लागली. मोठा ब्रश आधी, मग मधला, मग तो बारीक, ज्याने ती नकाशातल्या नद्यांच्या काठची धूळ काढायची. पीठ थरांनी सुटत होतं. वरचा थर पांढरा, त्याखालचा पिवळसर, त्याखाली राखाडी. कधी काळी बेकरीत कसलं पीठ येत होतं ते सगळं तिथे तारीखवार झोपलं होतं.

भावजय दारात टेकून बघत होती.

"वन्सं, नकाशा समजून पुसताय काय? एक ओला फडका मारला असता तर एव्हाना चहा झाला असता."

"पाणी लागलं तर गंजेल, वहिनी."

"बरं. बसा मग पीठ विंचरत."

पण ती हलली नाही. खोक्याचा पत्रा हळूहळू उघडा पडत होता, ते ती बघत राहिली. मग तिची नजर मागच्या दाराच्या कडीवर गेली, आणि नणंदेची नजर तिच्या नजरेमागे. दोघींनी दुसरीकडे पाहिलं.

बुधवारी चष्मेवाल्याने सगळं काउंटरवरच मांडून, उघड्यावरच चालवून दाखवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, पंखा फिरला. मग त्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून वेगळ्या पाकिटात घातल्या. "रिक्षात धक्के बसतात. घरी बसवून घ्या. खाच बघून, एवढंच." नणंदेने बोर्ड मांडीवर धरून आणला, दूध आणावं तसा. रात्रभर तो टेबलावर त्याच्या पुठ्ठ्यावर राहिला, आणि गुरुवारी ती कामावर गेली.

संध्याकाळी परत येऊन पाहते तर बोर्ड टेबलावर नाही. तो पलंगावर, भिंतीच्या बाजूला, धुतलेल्या पंचाखाली. पंचा उचलला तर बोर्डच्या कडेला अंगठ्याचा ठसा. पिठाचा.

तिने ठसा ब्रशने पुसला. कॅबिनेटमध्ये पितळेचे छोटे पाय बसवले, त्यांवर बोर्ड ठेवला, एकेक स्क्रू अर्धा अर्धा आवळत गेली. वायरी जोडल्या. रॅमच्या पट्ट्या खाच बघून त्यांच्या जागी उभ्या केल्या. त्या सरळ उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, इथेच जन्मल्या. भाऊही येऊन उभा राहिला. तिने बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच. आणि आतून एक लांब शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. थांबली. पुन्हा.

"दार नीट लागलं नाही की लिफ्टही अशीच बोंबलते," भाऊ म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

नणंदेने मशीन बंद केलं, सगळं सोडवलं, पुन्हा ब्रश फिरवला, पुन्हा जोडलं. शिट्टी तीच. मग ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"वहिनी, तुम्ही बोर्डाला हात लावलात का?"

"लावला."

"पिठाचा हात?"

भावजयीने गॅस बारीक केला. "खिडकी उघडी ठेवून गेला होतात तुम्ही. खिडकीचा पडदा फडफडत येऊन त्याच्यावर आपटत होता. मी बेकरीतून आले तशी धावले. हात धुवायला थांबले असते तर खाली पडला असता."

"चालू होत नाही आता. काल दुकानात चालत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चालत होता एवढंच म्हटलं."

"वन्सं, सरळ बोला. मी बिघडवला?"

नणंदेने सरळ बोलायला तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची सवय नसल्याने जे आलं ते असं: "शनिवारी नकाशा गेला नाही तर मला जावं लागणार, हे तुम्हाला माहीत आहे. खोली रिकामी होणार, हेही माहीत आहे."

गॅसवरचं उतू गेलं. दोघींनी ते जाऊ दिलं.

त्या संध्याकाळी निरोप भावामार्फत चालू झाले. "सांगा तुमच्या बहिणीला, जेवण झाकून ठेवलंय." "दादा, वहिनींना सांग, भूक नाही." भाऊ दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभा राहून म्हणाला, "मला पगार फक्त यंत्रांसाठी मिळतो हो," आणि बोळातच बसून जेवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती चष्मेवाल्याकडे गेली. पिठाची सगळी हकीकत सांगितली. त्याने ऐकलंच नाही.

"शिट्टी कशी येते?"

तिने शिट्टी काढून दाखवली. शेजारच्या दुकानदाराने मान वर करून बघितलं.

"रॅम," चष्मेवाला म्हणाला. "बसली नाही."

"बसवली आहे. सरळ उभी आहे."

"उभी आहे, बसली नाही. खट आवाज आला का? दोन्ही टोकांना?"

"नाही."

"मग दाबा."

"किती?"

"खट आवाज येईपर्यंत."

"तुटलं तर?"

"तुटत नाही हो. खाच बरोबर असेल तर बोर्ड थोडा वाकतो, आपली छाती धडधडते आणि खट होतं. पीठबीठ काही नाही. बेकरीतल्या मशीनमध्ये मी पिठाची भाकरी होऊन बसलेली बघितली आहे, तरी बिल निघत होतं."

ती परत निघाली तेव्हा चप्पल जड झाली होती. एक गोष्ट सुटली होती आणि तिच्याखालून दुसरी निघाली होती: वहिनीवर घेतलेला आळ.

संध्याकाळी तिने दोन्ही अंगठे पट्टीच्या डोक्यावर ठेवले आणि दाबलं. पट्टी किंचित खाली गेली. बोर्ड वाकल्यासारखा वाटला. कुठेतरी, खरंच की तिच्या कानात, बारीक कुरकुर झाली, आणि हात आपोआप वर आले. पुन्हा ठेवले. पुन्हा वर आले. डोकं सांगत होतं दाब, आणि अंगठे ऐकत नव्हते. अंगठ्यांना एवढंच शिकवलेलं होतं, की कुरकुरलं की सोड. त्यांनी आजवर एकही नकाशा फाडला नव्हता. आज ते कुणाचं ऐकणार?

पलीकडच्या खोलीत भावजय होती. दहा पावलांवर. तिने येऊन नुसती करंगळी टेकवली असती तरी काम झालं असतं. पण कालचं बोलणं त्या दहा पावलांत पडून होतं, आणि ते ओलांडून जायचं तर आधी उचलावं लागणार होतं. भावाला सांगावं म्हटलं, तर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बंद पडलेल्या लिफ्टपाशी गेला होता, उद्या दुपारपर्यंत येणार नव्हता. तिने झाकण लावून ठेवलं.

शनिवारी सकाळी ती बेकरीत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या बाजूला मळायची खोली होती. लांबच लांब लाकडी ओटा, त्याच्याभोवती पाच-सहा बाया, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे. तिथली रीत अशी होती, की मळताना एकीने एक ओळ म्हणायची, दुसरीने तिला जोड द्यायची, आणि जिला जोड सुचणार नाही तिने पुढचं पोतं आणायचं. ओळी कुणाच्याही असत. मालकाच्या टकलाच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या. नणंद दारात आली तेव्हा भावजयीचीच पाळी होती. तिने बघितलं, ओळखलं, आणि हात न थांबवता म्हणाली,

"माझी गं नणंद, बाई, फुलाहून हलकी,"

आणि जोडही स्वतःच दिली,

"दार लोटाया गेली, वाऱ्यासंगे परतली."

बाया खो खो हसल्या. नणंदेचे कान तापले. पण ओळ खोटी नव्हती.

"वहिनी, काम होतं."

"बोला. हात रिकामे नाहीत, कान आहेत."

"पिठाने बिघडलं नव्हतं."

"बरं."

"रॅम बसली नव्हती. माझ्याकडूनच. दाबावी लागते. आणि मला..." ती थांबली. सगळ्यांचे हात चालू होते, पण ओळ कुणी म्हणत नव्हतं. "मला दाबता येत नाही. परवा बोलले ते चुकलं."

भावजयीने गोळा उलटा केला, आपटला. "चुकलं तर चुकलं. मी पण ऐकून घेतलं नाही काही. उतू गेलेलं दूध तुमच्या भावाला पुसायला लावलं."

"घरी येता का थोडा वेळ? एकदा दाबून द्या."

"पाळी संपायला अवकाश आहे. आणि आज मी दाबून देईन, उद्या काही निघालं की? मी काय तुमच्या मशीनला बांधलेली आहे?" तिने ओट्यावर शेजारी जागा केली. "हात धुवा. बाह्या वर करा."

नणंदेने हात धुतले. भावजयीने तिच्यापुढे एक गोळा टाकला. तिने तो दाबला. गोळ्याला काही कळलं नाही.

"कुरवाळू नका, झोपेल तो. बोटं काढा. बोटांत कुठला आलाय जोर? तळव्याचा मागचा भाग. हं. आता खांदा पुढे. खांद्यातून नाही आलं तर पाठीतून आणा, पाठीतून नाही तर टाचेतून. आपण नाही दाबायचं, आपलं वजन दाबतं."

नणंदेने टाचा उचलल्या. गोळा खाली गेला, पसरला, आणि आतून त्याने उलट ढकललं. ती दचकून मागे झाली.

"हेच!" भावजय म्हणाली. "तो ढकलतो तेव्हा तुम्ही पळता. तो ढकलणारच. ढकलला की आणखी थोडं. तिथून पुढे ऐकतो."

पलीकडची एक बाई म्हणाली, "नवऱ्याचंही असंच असतं हो," आणि पुन्हा हशा झाला.

दोघी शेजारी शेजारी मळत राहिल्या. बराच वेळ. नणंदेच्या कपाळावर घाम आला, तो पुसायला गेली तर पीठ लागलं. ओट्याकडे बघतच भावजय हलक्या आवाजात बोलली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये एवढ्या.

"खोली मला हवी होती. खोटं कशाला बोलू. साहेबांचं तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मी मनातल्या मनात ते दार उघडूनसुद्धा बघितलं."

"मग कॅबिनेट का आणून दिलंत?"

"मालक भंगारात घालत होता." भावजयीने दोन गोळे एकात मिसळले. "जाणार असाल तर जायचं म्हणून जा. खोक्यापायी गेलात, असं नको. मला रोज त्या खोलीत पाव भाजायचे आहेत. ते खोकं डोळ्यांपुढे आलं असतं." मग एकदम मोठ्याने, "जा आता. उजेड जाईल तुमचा."

नणंद घरी आली. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. कॅबिनेट आडवं केलं, झाकण काढलं. पट्टी खाचेत ठेवली. अंगठे नाही, दोन्ही टोकांवर दोन तळवे. टाचा उचलल्या. पट्टी खाली गेली, बोर्ड वाकला, कुरकुर आली. हात सुटू पाहत होते. तिने पाठीला सांगितलं. पाठीने खांद्याला सांगितलं. बोर्डाने आतून उलट ढकललं, आणि ती आणखी थोडी पुढे झुकली.

खट.

एका टोकाला. मग दुसऱ्या टोकाला, खट. इतका क्षुल्लक आवाज की शेजारच्या खोलीतही गेला नसता. दुसरी पट्टी तिने न थांबता बसवली.

पडदा उजळला तेव्हा ती खुर्चीत बसली नव्हती, उभीच होती. मग बसली. नमुन्याचा नकाशा उघडला. एका नदीचं वळण होतं, वळणावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि डागाखाली बुडालेलं एक गाव. डाग काढायचा, गाव नाही. उत्तरेच्या उजेडात ती दुपारभर काम करत राहिली, आणि मशीन तिच्या पायाशी एकसुरी घुमत राहिलं. भावजय कामावरून आली, दारातून डोकावली, पडदा उजळलेला बघितला आणि आत गेली. बश्या किणकिणल्या. उजेड मंदावायच्या आत नकाशा गेला.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला. एकच वाक्य: घरून करा.

भावजयीला ते भावाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि खरंच बरं झाल्यासारखं म्हणाली, पण म्हणताना कणकेचा डबा उगाचच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला. नणंद बोळात उभी होती. तिने ते पाहिलं.

ती खोलीत आली. टेबल लांबरुंद होतं. तिने पडदा खिडकीच्या बाजूला सरकवला, ब्रश आणि खळीच्या वाट्या कपाटात ठेवल्या. टेबलाचा अर्धा भाग उघडा पडला. मग मागच्या दारापाशी गेली. कडी गंजून दाराशी एकजीव झालेली. आधी बोटांनी ओढून बघितलं, सवयीने. मग तळवा लावला, खांदा पुढे केला, टाचा उचलल्या. कडी कुरकुरली. तिने सोडलं नाही. कडी किंचाळली, आणि भावजय हातातलं टाकून धावत आली तेव्हा दार उघडं होतं, गल्लीतलं मांजर उंबऱ्यावर चकित होऊन बसलं होतं, आणि नणंदेच्या तळव्यावर गंजाचा लाल पट्टा होता.

"अर्धं टेबल रिकामं आहे," नणंद म्हणाली. "भट्टी स्वयंपाकघरात लावू. मळणं आणि विकणं इथून. पण पीठ टेबलाच्या त्या बाजूला. ह्या बाजूला आलं तर मी ब्रश घेईन."

भावजय दारातून गल्लीकडे बघत राहिली. मग मांजराला म्हणाली, "बघितलंस? फुलाहून हलकी म्हणे."

अडचण एकच निघाली. उत्तरेची खोली थंड. नणंद त्या खोलीत बारा महिने शाल पांघरून बसायची आणि तिला काही वाटत नसे, पण पिठाला वाटायचं. भावजय सकाळी मळून भगुणं झाकून ठेवायची ते दुपारपर्यंत ठेवलं तसंच, मुकाट. तिने ते खिडकीत ठेवून पाहिलं, पलंगावर गोधडीत गुंडाळून पाहिलं. एक दिवस सगळीकडून हरल्यावर, जागा नव्हती म्हणून, तिने भगुणं नणंदेच्या कॅबिनेटवर ठेवलं. जुन्या घडणीचं कॅबिनेट, पॉवर सप्लाय वरच्या बाजूला. मशीन दमलं की त्याचा माथा ऊबदार होत असे, तान्ह्याच्या टाळूसारखा. नणंदेने वाकून पाहिलं. पंख्याची जाळी मागे होती, ती मोकळी होती. तासाभराने पिठाने फुगून भगुण्यावरचा फडका वर उचलला होता.

तेव्हापासून ती भगुण्याची जागा झाली. शनिवारी नणंद कॅबिनेट उघडते, ब्रश फिरवते, आणि कोपऱ्यातून चिमूटभर पांढरं निघतं. कुणी कुणाला त्याबद्दल काही बोलत नाही. अहो-जाहो अजून तसंच आहे, वन्सं आणि वहिनी तसंच आहे, आणि भिंती अजून पातळ आहेत.

परवा नणंद एका छोट्या नकाशाचं काम करत होती. एका बेटाचा तळहाताएवढा नकाशा. मशीनला त्याचं काहीच ओझं नव्हतं. भावजयीने कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला, भगुण्यावरचा फडका उचलून पाहिला.

"वन्सं," ती म्हणाली, "आज एखादा मोठा नकाशा घ्या. पीठ थंड आहे."

नणंदेने बेट बाजूला ठेवलं आणि भिंतीएवढा एक नकाशा उघडला.